गच्चीवरची लेझीम

दोन हजार वीस साल. मार्चची बावीस तारीख, रविवार. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. सांगलीतल्या आमच्या सोसायटीतली झाडून सगळी माणसं ताटं, पळ्या, शंख, देवघरातल्या घंटा घेऊन गच्चीवर जमली होती. दिवसभर कोणी उंबऱ्याबाहेर पडलं नव्हतं, त्यामुळं जत्रेला आल्यासारखे सगळ्यांचे चेहरे झाले होते. मी ह्यांचा दंड धरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते, आणि हे गच्चीच्या दारात थिजले होते.

"अहो, चला की. मागं माणसं खोळंबलीत."

"पाय निघंनात," हे म्हणाले. आवाज इतका बारीक, की मलाच कसाबसा ऐकू आला.

कंपवात म्हटलं की लोकांना थरथरणारा हात दिसतो. तो ह्यांचा होताच. पण खरा छळ पायांचा. जिना हे तरण्या पोरासारखा चढायचे, कारण पायऱ्या डोळ्यांना दिसतात, पावलाला सांगतात की मी इथं आहे, ये. सपाट जमिनीवर मात्र, आणि त्यातही मध्ये दार आलं की, तळवे फरशीला खिळे मारून ठोकल्यासारखे व्हायचे. जन्मभर शाळेत पीटी शिकवलेला माणूस. एका शिट्टीवर अख्खं ग्राउंड उभं करणारा. त्याला स्वतःचे दोन पाय हलवता येईनात.

माझ्या हातात ताट नव्हतं, लेझीम होती. घरातून निघताना हेच म्हणाले होते, "ताट काय वाजवायचं सुलू? लेझीम घे."

"आणा इकडं काकू," मागून अशोक म्हणाला.

अशोक कुडचे म्हणजे आमच्या सोसायटीचा चेअरमन. स्टँडजवळ त्याचं पंप आणि मोटारींचं दुकान. शाळेत ह्यांच्या हाताखाली लेझीम शिकलेला, पंधरा ऑगस्टच्या संचलनात कायम पहिल्या रांगेत. आता पोट सुटलं होतं, डोक्यावर चंद्र उगवला होता, पण लेझीम हातात घेतली आणि त्याचे खांदे आपोआप मागं गेले.

"सर, चार आवाज! आरंभ!"

पाच वाजले. चहूबाजूंनी ताटं बडवायला सुरुवात झाली. त्या गोंगाटात अशोकची लेझीम मात्र चार आवाजांच्या तालात होती. पायापाशी वाकून छुम्, वर उठून छुम्. मी धरलेला दंड सैल झाल्याचं मला जाणवलं. ह्यांचा डावा पाय उचलला गेला. मग उजवा. दार ओलांडून हे गच्चीवर आले आणि चालायला लागले. फरफटत नाही, बारीक बारीक पावलं टाकत नाही. टाच टेकवत, गुडघा उचलत, पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, वळले आणि परत आले. अशोक पुढं उलटा चालत लेझीम वाजवत होता आणि हे त्याच्या मागं.

लोकांची ताटं थांबली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. ह्यांच्या चेहऱ्यावर हसू यायचं कधीच बंद झालं होतं, ह्या दुखण्यात चेहराच गोठतो. पण डोळे हसत होते. मी ते ओळखते.

"काकू, हे बघा," अशोक घाम पुसत म्हणाला, "पोरीनं सगळा व्हिडिओ घेतलाय. पुण्याला पाठवतो लगेच. प्रमोदला बघू दे बाप कसा चालतोय."

प्रमोद आमचा एकुलता एक. त्याचा फोन दिवेलागणीला आला.

"आई, तुला कळतं का काही? व्हिडिओ बघितला मी. एवढी माणसं गच्चीवर आणि बाबा त्यांच्या मधोमध! एकाच्या तरी तोंडाला रुमाल आहे का?"

"अरे, पण पाय बघितलेस का त्यांचे?"

"पाय काय बघू? इथं काय चाललंय माहितेय का तुला? बाबांना झालं तर दोन दिवस काढणार नाहीत ते. मी येऊसुद्धा शकणार नाही."

 त्याची भीती खरी होती. हे मी आजही मान्य करते.

त्यानंतर सगळंच बंद झालं. हे रोज सकाळी कॉलेजच्या मैदानावर चालायला जायचे ते बंद. व्यायाम करून घ्यायला मुलगी यायची ती बंद. मिरजेच्या डॉक्टरबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "काकू, नीट ऐका. गोळ्या अर्धं काम करतात, उरलेलं अर्धं चालण्यानं होतं. सर एकदा बसले तर मला त्यांना परत उठवता येणार नाही. कसंही करा, पण त्यांना चालतं ठेवा. दिवस काढायचेत आपल्याला, एवढंच धरून चाला."

मी तेवढंच धरून चालले.

अशोकनं गच्चीची किल्ली माझ्या हातात ठेवली होती. "गच्ची तुमचीच समजा काकू. दुसरं कोणी येणार नाही, मी बघतो." रोज उन्हं कलली की आम्ही वर जायचो. दोघंच. दारात हे थिजले की मी लेझीम वाजवायची. मला कुठली येतीय? लग्न ठरायच्या आधी मी ह्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तासगावच्या शाळेच्या पटांगणात, पोरांना लेझीम शिकवताना. पांढरी विजार, घोट्यापर्यंत उडालेली तांबडी धूळ. तेव्हा नुसती बघत बसले होते. आता सत्तरी ओलांडल्यावर त्याच लेझमीशी माझी झटापट चालली होती.

"चुकतीयस," हे म्हणायचे.

"मग तुम्हीच वाजवा."

"माझ्या हातात दे. आपोआप वाजतीय."

आणि खरंच, ह्यांच्या उजव्या हातात दिली की काही न करता ती बारीक झणझणत राहायची. आम्ही दोघं हसायचो. म्हणजे मी हसायचे, आणि ह्यांचे डोळे. ताल बसला की टाकीपर्यंत आणि परत, टाकीपर्यंत आणि परत. खाली रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मी ओरडायची, "काय हो खराडे सर, पाय उचला! मागची रांग हसतीय!" ह्यांची पाठ ताठ व्हायची. रात्री झोप लागायची, सकाळी शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावायचे. असं जवळजवळ महिनाभर गेलं. मला वाटायला लागलं की आपण तरणार.

एप्रिल संपता संपता एका संध्याकाळी वर गेलो तर दाराला वेगळंच कुलूप. मोठं, पितळी. माझी किल्ली लागेना.

ह्यांना पायरीवर बसवून मी खाली अशोकच्या दारात गेले. त्यानं दार उघडलं, तोंडाला मास्क, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं.

"अशोक, अरे गच्चीला दुसरं कुलूप कोणी लावलं?"

"मीच लावलंय काकू. आता बंद ठेवायचं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"कमिटीनं."

"कमिटी म्हणजे तूच की. मीटिंग कधी झाली? आम्हांला कसं कळलं नाही?"

"वयस्कर माणसांच्या भल्यासाठीच आहे काकू. बाहेर लई वाईट चाललंय."

"गच्चीवर आम्ही दोघंच असतो रे. वाऱ्यातनं येतोय का तो रोग? डॉक्टरबाई काय म्हणाल्यात ते तुला सांगितलंय मी. हे बसले तर संपलं. तू स्वतः लेझीम वाजवून चालवलंयस त्यांना."

तो खाली बघत राहिला. "घरातच चालवा काकू. हॉल मोठा आहे की तुमचा."

"हॉलमध्ये दारं आहेत, टीपॉय आहे, गालिचा आहे. त्यांना मोकळी लांब जागा लागती. अशोक, तू त्यांचा विद्यार्थी आहेस."

"म्हणूनच काकू," तो म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

मी पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. 

"तू शांत हो आई. मी बोलतो कुडचेंशी."

"आजच बोल."

"आजच बोलतो."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "बोललो गं. ऐकत नाहीत ते. सोसायटीचा नियम म्हणतात. जाऊ दे, थोडे दिवस घरात काढा. सुरक्षित तर आहात ना?"

मी आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये ह्यांना चालवायला सुरुवात केली. जिन्यापासून खिडकीपर्यंत. तिथं लेझीम फार घुमायची. समोरच्या नलूताई जाळीच्या दाराआडून म्हणाल्या, "काकू, आमच्या सुनेची ऑफिसची मीटिंग असते हो घरातनं. आणि सर दारापाशी येऊन थांबतात, शिंक-बिंक आली तर?"

"थांबत नाहीत ते, थिजतात," मी म्हटलं. "लेझीम वाजवू दिलीत की चालतील."

"ते खरंय, पण आम्हांलाही लहान बाळ आहे."

ह्याच नलूताईंनी ताट बडवून बडवून पळीचा दांडा वाकवला होता. दुसऱ्या दिवशी अशोक आला, जिन्यातच उभा राहिला आणि पॅसेजमध्ये चालायचं नाही, असं सांगून गेला. त्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे करणं सोडलं.

उरलं घर. मी टीपॉय गॅलरीत टाकला, गालिचा गुंडाळला, सोफा भिंतीला लावला. तरी हॉल तो केवढा. चार पावलं नाहीत तर भिंत, वळायचं, आणि वळताना पाय अडकायचे. लेझीम वाजवली की खालच्या मजल्यावरून छताला काठी आपटायचे. ताट हळू वाजवून बघितलं. त्याला ताल धरवेना. मग मी नुसत्या तोंडानं ऑर्डर द्यायला लागले, "डावा, उजवा, डावा, उजवा." हे खिडकीचे गज धरून जागच्या जागी कदमताल करायचे. पाय उचलला न उचलला, घाम सुटायचा.

"ग्राउंड लांब राहिलं गं सुलू," एकदा म्हणाले.

"येतंय जवळ. थोडे दिवस."

मेच्या मध्यावर ह्यांचं पाऊल दिसण्याइतकं आखूड झालं. संडासच्या दारात उभं राहायचे ते राहायचेच. मला हाक मारायला आवाज नाही. मी स्वयंपाकघरातून बघायची तर माणूस दाराच्या चौकटीत उभा, एक हात पुढं, पायजमा ओला. मी दुसरा पायजमा आणायची. 

मग तो दिवस आला. दुपारचा चहा झाल्यावर ह्यांनी माझा पदर ओढला आणि म्हणाले, "वर ने."

"कुलूप आहे हो."

"ने. जिना येतो मला."

मी नेलं. लेझीम काखेत घेतली. पहिल्या पायरीला टाच टेकली आणि ह्यांच्या अंगात कोणी तरी शिरल्यासारखं झालं. कठडा धरला होता, पण भार पायांवर. एक एक पायरी सरळ, न अडखळता, वरच्या मजल्यावर, तिथून पुढच्या जिन्यावर. मला धाप लागली, ह्यांना नाही. वर पोचले आणि दारासमोर थांबले. पितळी कुलूप तिथंच. फटीतून उन्हाची रेघ आत आली होती, ह्यांच्या चपलांवर पडली होती. ह्यांनी दोन्ही तळवे दारावर ठेवले आणि ढकललं. कुलूप खडखडलं. परत ढकललं. परत खडखडलं. उजवा हात कापत होता त्यामुळं कडी आपोआप वाजत राहिली.

त्या आवाजानं अशोक वर आला. दोन पायऱ्या खाली थांबला.

"सर, खाली चला. पडाल."

हे वळले नाहीत. वळता येत नव्हतं.

"कुडचे," मी म्हटलं, "चेअरमनसाहेब, दार उघडा. हात जोडते. तुम्ही इथं उभे राहा, तोंड बांधा, काय हवं ते करा. एकदा टाकीपर्यंत जाऊन येऊ दे त्यांना."

त्याचा हात खिशात गेला. किल्ल्यांचा आवाज मी ऐकला. मला वाटलं, आता उघडणार. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं फोन काढला, नाव बघितलं, उचलला नाही. फोन वाजून वाजून थांबला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"मला उघडता येत नाही काकू."

"का? हात मोडलेत?"

त्यानं फोन परत खिशात टाकला. आणि मग हे बोलले. दाराकडं तोंड करूनच. कित्येक महिन्यांत मी ह्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. जिना घुमला.

"कुडचे! सावधान!"

अशोकच्या टाचा जुळल्या. मी बघितलं. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस, जिन्याच्या पायरीवर, हात मांड्यांना चिकटवून, हनुवटी वर. डोळ्यांतून पाणी मास्कमध्ये चाललं होतं. पण किल्ली त्यानं काढली नाही.

आम्ही कितीतरी वेळ तसेच उभे होतो. ह्यांनी पुढची ऑर्डर दिलीच नाही. शेवटी मी ह्यांना बसवत बसवत, एक एक पायरी खाली सरकवत घरी आणलं. उतरणं ह्यांना आता जमत नव्हतं. अशोक मदतीला पुढं झाला तेव्हा मी त्याचा हात झटकला.

त्यानंतर ह्यांनी "वर ने" म्हटलं नाही. डावा-उजवा केलं तर पाय हलवायचे, माझ्यासाठी म्हणून. जूनमध्ये एका सकाळी पलंगावरून उठवलं तर गुडघे धरेनात. परत बसवलं. डॉक्टरबाईंनी फोनवर गोळ्या वाढवून दिल्या आणि म्हणाल्या, "काकू, चालणं सुटलं का?" मी हो म्हटलं. 

पुढचं भराभर झालं. पाठीला जखमा. घास गिळताना ठसका. श्रावणात छातीत कफ झाला, ताप आला, दवाखान्यात नेलं. नाकात काडी घालून तपासणी केली. कोरोना नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. प्रमोद पास काढून आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "निदान कोरोनानं तरी नाही गेले बाबा. एवढं समाधान."

 कशाचं समाधान, ते मला समजलं नाही.

तेराव्याला घरचीच माणसं होती. प्रमोद, त्याची बायको आणि माझे थोरले भाऊ, अण्णा. दुपारी दारावरची बेल वाजली. अशोक होता. हातात हार. आत यायला त्यानं पाय उचलला.

"तिथंच थांबा," मी म्हटलं. "माझ्या घरात पाय ठेवायचा नाही. ज्यांना तुम्ही बसवून मारलंत त्यांच्या फोटोला हार घालायला आलात?"

"काकू..."

"तुमच्या कुलपानं गेले ते. रोगानं नाही. ऐकायचं होतं ना, ऐका. आणि आता जा."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या मागं हॉलमध्ये बसलेल्या प्रमोदकडं बघत होता. मीही वळून बघितलं. प्रमोद मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. अशोकनं हार दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर ठेवला, हात जोडले आणि जिना उतरून गेला.

पानं वाढली. मी पंक्तीत वाढत होते. अण्णा प्रमोदला म्हणाले, "तुझं कौतुक आहे बाबा. लांब राहून आई-वडिलांचं केलंस. आमच्याकडं जवळ असून कोण बघत नाही."

"मामा, मी इथं नव्हतो, पण लक्ष सगळं होतं," प्रमोद म्हणाला. त्याला खरंच भरून आलं होतं. "रोज कुडचेंना फोन असायचा माझा. गच्चीवरचा तो व्हिडिओ बघितल्यावर माझी झोप उडाली होती. आमच्या ऑफिसातल्या एकाचे वडील आठवड्यात गेले. मी कुडचेंना सांगितलं, काय वाट्टेल ते करा पण बाबांना घराबाहेर पडू देऊ नका. ते तयारच नव्हते. म्हणाले, सरांना चालायला लागतं. मी म्हटलं, उद्या काही झालं तर जबाबदारी तुमची, सोडणार नाही तुम्हांला. मग लावलं कुलूप. आईला कळू देऊ नका म्हणून बजावलं होतं, ती ऐकणार नाही म्हणून. त्या माणसानं शब्द पाळला हं. शेवटपर्यंत आईची बोलणी खाल्ली, पण माझं नाव घेतलं नाही."

अण्णांनी मान हलवली. "करावं लागतं असं कधी कधी."

"मग काय. नाहीतर एप्रिलमध्येच गेले असते बाबा. चार महिने मिळाले आपल्याला."

माझ्या हातात कढीचं भांडं होतं. मी त्याच्या वाटीत कढी वाढली. तो म्हणाला, "बास आई." मी अण्णांना वाढली, सुनेला वाढली. मग आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले. मला पुढचं पाऊल टाकता येईना. दारातून हॉल दिसत होता, सगळी जेवत होती, मला ताक न्यायचं होतं, आणि पाय निघेनात. असं असतं होय हे, एवढंच तेव्हा मनात आलं.

निघताना प्रमोद म्हणाला, "आई, बाबांची लेझीम मी नेऊ? आठवण म्हणून." मी खुंटीवरून काढून दिली.

सोसायटीतल्या गच्चीचं कुलूप त्याच दिवाळीत आकाशकंदील लावायला म्हणून निघालं, ते परत लागलं नाही. नलूताई नातवाला घेऊन मुलाकडं दुबईला गेल्या. अण्णा दुसऱ्या लाटेत गेले, कोरोनानंच. मिरजेच्या डॉक्टरबाई अजून आहेत, मी गुडघ्यांसाठी कधी तिकडच्या दवाखान्यात गेले की भेटतात, चालताय ना, असं विचारतात. मी चालते.

अशोकनं त्या वर्षानंतर चेअरमनपद सोडलं. दरवर्षी गुरुपौर्णिमेला हार घेऊन येतो आणि दाराबाहेर उभा राहतो. पहिल्याच वर्षी मी म्हटलं होतं, "अशोक, मला कळलंय सगळं. ये आत." तो आला नाही. "किल्ली माझ्या खिशात होती काकू," म्हणाला. दरवर्षी मी ये म्हणते आणि तो दारातून फोटोला हात जोडतो. मागच्या वर्षी मी रागावले, किती दिवस असा ताटकळणार आहेस म्हणून. तेव्हाही त्याच्या टाचा जुळलेल्या होत्याच. म्हणाला, "सरांनी विश्राम म्हटलंच नाही की."

प्रमोदनं पुण्यात मोठा फ्लॅट घेतला. मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ बांधतो, रोज पहाटे टेकडीवर जातो. त्यानं ते सगळं कधी बोलून दाखवलेलं आहे, हे त्याला आठवतसुद्धा नसावं. मला काय कळलं आणि कधी, हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तो मला फोन करतो, प्रेमानं करतो, आणि म्हणतो, "आई, जास्त फिरत जाऊ नको, पडशील." मी बरं म्हणते आणि गच्चीवर जाते.

त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर लेझीम आहे. चौकट करून घेतली आहे, पुढं काच, आत मखमल, वर छोटा दिवा. पाहुणे आले की लेझमीपाशी थांबतात, कोणाची म्हणून विचारतात. मग प्रमोद अभिमानानं मोबाईल काढतो आणि तो व्हिडिओ लावतो. ताटांचा गोंगाट ऐकू येतो, त्यातून लेझीम. गच्चीच्या दारातून हे बाहेर येतात, टाच टेकवत, गुडघा उचलत, टाकीच्या दिशेनं.

"पाय बघा," प्रमोद पाहुण्यांना म्हणतो. "पाय बघा बाबांचे."